बूट सगळ्यांचे तेच, लेस आपली: पुण्यात हिप-हॉप कपडे जमवताना

मागच्या रविवारी आमच्या हिप-हॉप नाचाच्या सरावाला पार्किंगमध्ये अकरा मुलं आली. त्यातल्या सात जणांच्या अंगात एकच टी-शर्ट: धुवून विटल्यासारखा काळा, खांदे उतरलेले, पाठीवर वीतभर इंग्रजी अक्षरं. खाली तीच सहा खिशांची कार्गो. सोसायटीच्या वॉचमन काकांनी गंभीरपणे विचारलं, "आज युनिफॉर्मचा वार आहे का?" सगळे हसले. माझा आतेभाऊ तेवढा हसला नाही, कारण त्यानं तो टी-शर्ट आदल्याच दिवशी चौदाशे रुपयांना आणला होता. परतताना स्कूटरवर मागे बसून तो म्हणाला, "ताई, मग घालायचं तरी काय?"

मी चौदा वर्षं पॉपिंग, म्हणजे अंगाला झटके देत करायचा नाच, करते आहे, आणि त्यातली निदान दहा वर्षं माझे कपडे त्याच्याच आईच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, शिलाई मशीनवर फाडून पुन्हा जोडले गेलेत. घरात शिवणारी आई असताना हा पोरगा बाजारातून ढगळपणा विकत आणतो, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्याला सिग्नलच्या लाल दिव्यांमध्ये तुटक-तुटक जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

एकसारखं दिसण्यात पाप नाही, हे आधीच सांगते. न्यूयॉर्कच्या डान्स क्रू जॅकेटच्या पाठीवर नावं लावून ठरवून एकसारख्या दिसायच्या. आमच्या सात जणांनी काही ठरवलं नव्हतं. त्यांच्यासाठी मोबाईलनं ठरवलं होतं.

पायरी १: पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका

रोज घरातून निघताना आरशासमोर पायापर्यंतचा एक फोटो काढा. पोज नको, चेहरा नसला तरी चालेल. पंधरा दिवसांनी सगळे फोटो एकत्र बघा आणि दोनच गोष्टी शोधा: कोणता कपडा तीन-चारदा आला, आणि कोणता एकदाही आला नाही.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की हौसेनं घेतलेल्या दोन हुडी कपाटातच होत्या आणि बाबांचा जुना चेक्सचा शर्ट मी सहा वेळा घातला होता, तोही बाह्या कोपरापर्यंत दुमडून, खालचं बटण उघडं टाकून. हे मी कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नव्हतं. हात हलवताना मनगट दिसायला हवं, म्हणून आपोआप होत गेलं. अशा आपोआप होणाऱ्या गोष्टी वहीत लिहून ठेवा. तुमची स्टाईल बहुतेक वेळा आधीच चालू असते, तुमचं लक्ष नसतं एवढंच.

पायरी २: जी वस्तू घ्यायची, तिचा प्रश्न आधी शोधा

या पायरीवर रेंगाळायला हवं. हिप-हॉपच्या कपड्यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी अडचणीवरचं उत्तर म्हणून आली आहे. आपण उत्तर उचलतो आणि अडचण तिकडेच राहते.

पिवळसर टिंबरलँड बूट घ्या. ते १९७३ साली अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या अंगमेहनतीच्या कामगारांसाठी निघाले: पाणी आत येऊ नये, थंडीत पाय शाबूत राहावेत. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिवाळ्यात तासन्तास उभं राहणाऱ्या पोरांना ते पटले, आणि नव्वदच्या दशकात रॅपरांच्या पायांत जाऊन बसले. त्यांच्या पायाखाली बर्फाचा चिखल होता. आपल्याकडे एप्रिलात पारा ३८-४० वर जातो आणि गाडी स्वारगेटच्या सिग्नलला उभी असते. तुम्हाला ते बूट मनापासून आवडत असतील तर डिसेंबरात जरूर घाला, तक्रार नाही. पण बारा महिने घालून पाय उकडून काढणं म्हणजे दुसऱ्याच्या आजाराचं औषध पिणं.

ढगळ जीन्सची गोष्ट याहून कामाची आहे. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली मुलं ढगळपणासाठी दोन-तीन साइझ मोठी जीन्स घ्यायची, पण मग कंबर लोंबायची. कार्ल कनाय नावाच्या तरुणाला पाय सैल हवा होता आणि कंबर बरोबर हवी होती. त्याचे वडील कापड घेऊन शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायचे, त्यानंही तेच केलं. लोक विचारू लागले, आणि १९८९ च्या सुमारास त्याच्या नावाचा ब्रँड उभा राहिला. फॅशनचं शिक्षण नाही, कारखाना नाही. कापड, शिंपी आणि आपल्याला काय हवं याची नेमकी जाण. हे वाचून पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या माणसाला ओळखीचं वाटायला हवं. आपल्या आज्या-पणज्या याच पद्धतीनं कपडे करून घ्यायच्या.

न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागात कपडे करणाऱ्या डॅपर डॅनची गत याच्या पुढची. १९८२ मध्ये त्यानं १२५ व्या रस्त्यावर दुकान काढलं. बड्या युरोपी ब्रँडांची चिन्हं तो स्वतः चामड्यावर छापायचा आणि त्या ब्रँडांनी कधी कल्पनाही केली नसेल अशी जॅकेटं शिवायचा. ब्रँडांनी छापे घातले, कोर्टात खेचलं, १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. २०१७ मध्ये गुचीनं त्याच्याच एका जुन्या जॅकेटसारखं जॅकेट रॅम्पवर आणलं. लोक खवळले आणि शेवटी गुचीला त्याच्यासोबत काम करावं लागलं. चोर कोण आणि साव कोण हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी मुलांना एवढंच दाखवते की गुचीनं लोगो आपला लावला, पण लोकांना हवी होती ती डॅनची कात्री.

हिप-हॉपमध्ये दुसऱ्याची स्टेप, ओळ किंवा ढब जशीच्या तशी उचलण्याला 'बायटिंग' म्हणतात आणि ती शिवी आहे. तरी सगळ्यांच्या पायांत बूट तेच दिसायचे. रन-डीएमसी या न्यूयॉर्कच्या रॅप गटानं आदिदासच्या सुपरस्टार बुटांवर १९८६ मध्ये गाणं केलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो प्रेक्षकांनी आपापले बूट हवेत उंचावले, आणि कंपनीनं त्यांच्याशी करार केला. पण रन-डीएमसी ते बूट लेस न लावता घालायचे, जीभ बाहेर काढून. त्याच काळात ब्रेक डान्सर पोरं जाड, पसरट लेस लावायची. बूट बाजाराचा, लेस आपली. ट्रेंड आणि स्टाईलच्या भांडणात मला याहून सोपी खूण सापडलेली नाही.

आता तर ट्रेंड पुण्यातूनच बाहेर जातात. ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी बिग बॉसचा सोळावा सीझन जिंकला आणि ऐंशी हजारांच्या बुटांची बात शाळकरी पोरांच्या तोंडी बसली. वस्तीतल्या पोरानं महागडे बूट मिरवण्याला अर्थ आहे; "आम्हीही पोचलो" हे तो पायांनी सांगतो. बाबांच्या क्रेडिट कार्डावर तेच बूट घेतले की बुटांचं बोलणं बंद होतं.

तर कृती अशी: हवी असलेली वस्तू कागदावर लिहा, शेजारी तिचा मूळ प्रश्न लिहा, आणि तिसऱ्या रकान्यात तुमचा प्रश्न. तुमचा प्रश्न "स्कूटरवर वाऱ्यानं शर्ट फुगतो", "बसमध्ये खिशातला मोबाईल जातो", "फ्लोअरवर गुडघे सोलतात" असा कितीही साधा चालेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर महिनाभर थांबा.

पायरी ३: टेप काढा

ओव्हरसाइझ्ड म्हणजे दोन साइझ मोठा, हा गैरसमज दुकानदारांच्या फायद्याचा आहे. दोन साइझ मोठ्या टी-शर्टचा गळाही मोठा होतो, लांबीही वाढते आणि माणूस मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखा दिसतो. ढगळ म्हणून कापलेल्या टी-शर्टमध्ये खांदा खाली उतरतो, छाती रुंद होते, पण गळा बेताचा असतो आणि लांबी फारशी वाढत नाही. आरशात पाहून हा फरक कळत नाही, टेपनं कळतो.

घरातला तुम्हाला सगळ्यात आवडणारा टी-शर्ट आणि पँट जमिनीवर सपाट पसरा. टी-शर्टचे खांदा ते खांदा, बगलेखाली आडवी छाती, मानेपासून खालपर्यंत लांबी आणि बाहीची रुंदी मोजा. पँटची कंबर, मांडी, आतली लांबी, पायाचा बॉटम आणि राइझ, म्हणजे कमरेपासून दोन्ही पाय जुळतात तिथवरचं अंतर, एवढं घ्या. हे नऊ आकडे मोबाईलमध्ये ठेवा. ऑनलाइन घेताना एस-एम-एल विसरा, मापांचा तक्ता उघडा आणि आपले आकडे ताडून बघा.

बुटक्या माणसांसाठी एक गोष्ट, मी स्वतः सव्वापाच फूट आहे म्हणून. वर-खाली दोन्ही ढगळ घालायचं असेल तर टी-शर्ट कंबरेच्या हाडापर्यंतच ठेवा. लांब टी-शर्ट आणि रुंद पँट एकत्र आली की पाय गायब होतात आणि पॉपिंगमध्ये गुडघ्याचा झटका प्रेक्षकाला दिसतच नाही.

मुलींसाठीही एक. नव्वदच्या दशकात टीएलसी या अमेरिकी गायिकांच्या गटानं आणि तिथल्याच आलिया या गायिकेनं पुरुषी ढगळ पँटी घातल्या तेव्हा ती कुणाची नक्कल वाटली नाही, कारण कंबर त्यांनी आपल्या मनानं बांधली होती. मी २०१२ च्या आसपास नाचायला लागले तेव्हा पुण्यात बायकांच्या सेक्शनमध्ये पायाला चिकटणाऱ्या जीन्सशिवाय काही मिळत नव्हतं. मी पुरुषांची ३८ कमरेची पँट घेऊन सेफ्टी पिनांवर नाचले आहे. आज त्याच रस्त्यावर रुंद पँटींचे ढीग आहेत. ट्रेंडला नावं ठेवताना मी हे विसरत नाही. ट्रेंड आला की माल येतो, भाव उतरतो, माप मिळतं. तुम्हाला शोभणारा कट बाजारात असेल तेव्हा दोन जास्तीचे घेऊन ठेवा. तो परत गायब होणार आहे.

पायरी ४: कुठे जायचं

जुना बाजार. मंगळवार पेठेकडचा, बुधवारी आणि रविवारी भरणारा. सकाळी लवकर जा. लोखंडी पाने, पितळी भांडी, बंद घड्याळं यांच्या मधोमध जुन्या जॅकेटांचे आणि डेनिमचे ढीग लागतात. इथे टेप खिशात हवीच, कारण घालून बघायला जागा नाही. शिवण उलटी करून बघा, काखेत आणि दोन पायांच्या मध्ये कापड विरलंय का ते उजेडात धरून बघा, चेन तीनदा वर-खाली करा. कॉलर आणि कफचा मळ निघतो. तेलाचा डाग बहुधा निघत नाही. घरी आल्यावर आधी गरम पाण्यात भिजवा, मग कपाटात.

कॅम्पात एमजी रोडजवळची फॅशन स्ट्रीट मार्च २०२१ च्या आगीत जळाली होती, ती पुन्हा उभी राहिली. इथे ट्रेंडचा माल सगळ्यात आधी येतो. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करा, आणि दोन दुकानं पुढे जाऊन परत येण्याची लाज बाळगू नका. एफसी रोडही त्यातलाच, फक्त गर्दी कॉलेजची. तुळशीबागेत मी हेअरबँड, मोठे कानातले आणि रुमाल घेते. आणि ज्याला खरंच वेगळं काही करायचं आहे त्यानं रविवार पेठ गाठावी: कापड, चेन, बटणं, इलास्टिक, पट्ट्या. दुपारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळणार नाही, आणि शिव्या तुम्ही मला द्याल.

कापडाचं थोडक्यात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. साधा टी-शर्ट १६०-१८० चा असतो, ढगळ टी-शर्ट २२०-२४० चा विकतात. जड कापड अंगापासून सुटं उभं राहतं म्हणून ढगळपणा छान दिसतो, आणि त्याच कारणानं उन्हाळ्यात गरम होतं. पुण्यात मार्च ते मे २०० च्या आसपासचं सुती कापड पुरे. पॉलिस्टर घामात अंगाला चिकटतं, तिथे ढगळ असून उपयोग नाही.

पायरी ५: शिंप्याशी कसं बोलावं

निम्मं काम इथेच होतं आणि नेमकं इथेच लोक आळस करतात.

पहिलं म्हणजे, नवा सुती कपडा धुतल्याशिवाय शिंप्याकडे नेऊ नका. एक-दोन धुण्यांत तो आटतो. आधी कापून घेतला आणि मग आटला की पँट घोट्यावर येते.

दुसरं, काय होतं आणि काय होत नाही हे ठाऊक असू द्या. लांबी कमी करणं, बॉटम कमी करणं, बाही आखूड करणं सोपं. जीन्सची कंबर मागच्या शिवणीतून दोनेक इंच कमी होते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतात. टी-शर्टचा खांदा बदलणं कटकटीचं असतं, पैसे टी-शर्टइतकेच लागतात. सैल गळा तर घेऊच नका. सैल करणं 'माया' असेल तरच शक्य आहे. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. आत्या म्हणते, रेडीमेडवाल्यांना माया नसते. ती कापडाबद्दलच बोलते, असं मी समजते.

तिसरं, फोटो दाखवून "असं करा" म्हणू नका. एका शिंप्याकडे मी असाच फोटो दाखवला आणि त्यांनी माझी नवीकोरी पँट फोटोतल्या सहा फुटी माणसाच्या हिशेबानं कापून ठेवली. चूक माझीही होती. आता मी घरातली आवडती पँट सोबत नेते आणि म्हणते, "काका, कंबर आणि राइझ हिच्यासारखे, मांडी दोन इंच सैल, बॉटम दहा इंच." आकडे ऐकले की कोणताही शिंपी सरळ बसतो. जीन्स आखूड करताना मूळ दुमड कापून तीच परत खाली जोडायला सांगा, विटलेला रंग तसाच राहतो. गुडघ्यावर बसायचं, घसरायचं असेल तर आतून दुसरा थर लावून दुहेरी टीप मारून घ्या. काम सुरू होण्याआधी खडूच्या खुणांसह एकदा घालून बघा. आणि दसरा-दिवाळीच्या आधीच्या महिन्यात असलं काही घेऊन जाऊ नका, ब्लाउजच्या गठ्ठ्याखाली तुमची पँट डिसेंबरपर्यंत सापडणार नाही.

आतेभावाच्या त्या चौदाशेच्या टी-शर्टचं आम्ही काय केलं? फार काही नाही. आत्यानं लांबी तीन इंच कमी केली, आणि कापलेल्या पट्टीतून डाव्या कुशीला मोबाईल बसेल असा चेनचा खिसा लावला, कारण तो पीएमपीनं कॉलेजला जातो आणि त्याचा एक मोबाईल बसमध्ये गेलेला आहे. चेन रविवार पेठेतली, पितळी दातांची. पाठीवरची अक्षरं तशीच राहिली. पुढच्या सरावाला दोघांनी खिसा कुठे मिळतो विचारलं.

पायरी ६: गळ्यातलं

इथे पुण्याला ब्राँक्सकडून, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या हिप-हॉपच्या माहेराकडून, शिकण्यासारखं फारसं नाही. २००९ साली खडकवासल्यातून निवडून आलेले आमदार रमेश वांजळे अंगभर सोनं घालून फिरायचे, आणि लग्नसराईत मनगटाएवढे गोफ आजही दिसतात. मुलामा दिलेली साखळी घामानं आठवड्यात हिरवी पडते आणि मान खाजवते. त्यापेक्षा चांदीची पातळ साखळी किंवा आजोबांचं कडं. नाचताना काढून ठेवा, दात वाचतील.

पायरी ७: बूट आणि ती लेस

एक चांगला जोड घ्या, रोज घालू नका. फर्स्ट कॉपीबद्दल मी उपदेश करणार नाही, पण सोल वाकवून बघा. चिकटवलेला भाग फटीसारखा उघडला तर पावसाळा काढणार नाही. जपून ठेवायचे म्हणून डब्यात वर्षानुवर्षं ठेवलेले बूटही टिकत नाहीत. काही सोलांतलं पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं आणि एक दिवस बिस्किटासारखा चुरा होतो. जून ते सप्टेंबर भिजून आलात तर सोलच्या आतला तळवा बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर काही तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, गोंद सुटतो आणि पांढरं पिवळं पडतं.

आता लेस. न्यूयॉर्कच्या पोरांना सुरुवातीला त्या जाड लेसा विकत मिळत नव्हत्या. ती घरीच ताणून, खळ घालून, इस्त्री करून त्या तयार करायची. आपल्याकडे आईच्या सुती साडीला खळ घालण्याचं ज्ञान घरोघर पडून आहे, ते वापरा. सपाट विणीची, सुती, पोकळ लेस घ्या. गोल किंवा नायलॉनची चालणार नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. दोन्ही हातांत धरून आडवी, रुंदीच्या बाजूनं, बोटाबोटानं ताणत जा. साबुदाण्याची किंवा तांदळाची दाट खळ करून त्यात बुडवा, निथळू द्या, ओलसर असतानाच पुन्हा एकदा रुंद करा आणि फळीवर टाचण्यांनी ताणून ठेवा. जवळजवळ सुकली की इस्त्री. टोकं चेपून टेप गुंडाळा, नाहीतर भोकातून जाणार नाहीत. आणि इस्त्री फिरवताना मध्ये एक सुती रुमाल ठेवा. खळ एकदा इस्त्रीच्या तळाला चिकटली की तिचा पहिला डाग नेमका बाबांच्या ऑफिसच्या शर्टावर उमटतो.